तोळाभर पाखरू

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात माझी मान अशी धरली होती की लेकीने हाक मारली तर अख्खं अंग वळवून ‘ओ’ द्यावी लागायची. स्पाँडिलायसिस जुनाच, दुखणं मात्र नवं. त्याला अमेरिकेत नावही आहे, ‘वॉर्बलर नेक’. झाडांच्या शेंड्यावरचे वॉर्बलर नावाचे इवलेसे पक्षी बघून बघून आखडलेली मान. जावयाने दुकानातून मलम आणून दिलं आणि म्हणाला, “आई, लोक अमेरिकेत येऊन नायगारा बघतात.”

नायगाराही बघितला. अर्ध्या दिवसात बघून झाला.

मी नाशिकची. शाळेत भूगोल शिकवायचे, आता निवृत्त. थंडीत एक रविवार आड नांदूर मध्यमेश्वरला जायचं, हे माझं अठरा वर्षांचं व्रत. गोदावरी आणि कादवा तिथे एकत्र येतात, आणि बंधाऱ्याच्या फुगवट्यात गाळ साचून साचून दलदल झाली आहे. २०२० मध्ये तिला रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, महाराष्ट्रातली ती पहिलीच जागा. तिथे पक्षी बघायचे म्हणजे चापडगावच्या मनोऱ्यावर चढायचं, थर्मास उघडायचा आणि समोर वाढून ठेवलेलं ताट बघायचं. चक्रवाक, चित्रबलाक, शेकाटे, कधी नशिबात असले तर रोहित. सगळे थोराड, उघड्यावर, तासन् तास एका जागी. मधूनच बाभळीतून ‘चक् चक्’ असा आवाज यायचा, मातकट रंगाचं काहीतरी हलायचं आणि नाहीसं व्हायचं. वहीत त्याची नोंद ‘व. व.?’ म्हणजे वटवट्या, कुठला कोण जाणे. अठरा वर्षांच्या वह्यांत असे किती ‘व. व.?’ असतील ते मोजायची हिंमत नाही.

लेक ओहायो राज्यात टोलेडो शहराजवळ राहते. एप्रिलच्या मध्याला सहा महिन्यांसाठी तिच्याकडे गेले. बॅगेत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि हातातल्या पिशवीत आठ बाय बेचाळीसची दुर्बीण. शेजारी एक निवृत्त पोस्टमन राहतात, सत्त्याहत्तर वर्षांचे, एकटेच. मनात मी त्यांना पोस्टमनकाका म्हणायचे. मागच्या अंगणात मी दुर्बीण लावून बसलेली त्यांनी पाहिली आणि कुंपणाशी येऊन विचारलं, “मगी मार्शला कधी जाणार?” मी म्हटलं, ते काय असतं? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं पंढरपुरात उतरून कुणी ‘इथे देऊळ कुठे आहे का’ विचारावं.

टोलेडोहून पूर्वेला साधारण पाऊण तासावर ईरी सरोवराच्या काठी ही जागा आहे. पंचमहासरोवरांची नावं मी तीस वर्षं मुलांकडून पाठ करून घेतली, पण ईरीचा काठ कसा असेल हा विचार एकदाही मनात आला नव्हता. जाताना रस्ता फूटपट्टीने आखल्यासारखा सरळ, दोन्ही बाजूंना मका-सोयाबीनची सपाट रानं आणि प्रत्येक रानाच्या कडेला खोल चर. काकांनी सांगितलं, ही सगळी एके काळी दलदल होती. ‘ग्रेट ब्लॅक स्वॉम्प’ म्हणत तिला, घोडागाडी पोटापर्यंत रुतायची. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांनी चर खणून, जमिनीखाली भाजलेल्या मातीचे नळ घालून तिचं पाणी सरोवरात काढून दिलं. आता काठाला उरलेत ते तिचे तुकडे. मगी मार्श हा त्यांतलाच एक, आधी बदकांच्या शिकारीसाठी राखलेला, १९५१ पासून राज्य सरकारच्या ताब्यात.

आता ही पाखरं नेमकी इथेच का जमतात? दक्षिण आणि मध्य अमेरिकेत, वेस्ट इंडीजच्या बेटांवर हिवाळा काढलेले छोटे पक्षी वसंतात उत्तरेकडे निघतात. प्रवास बहुतेक रात्रीचा. पहाट होते तेव्हा समोर ईरीचं पाणी, पलीकडचा कॅनडा चाळीस-पन्नास किलोमीटरवर, आणि अंगातली चरबी संपत आलेली. मग जी पहिली झाडं दिसतील त्यांत उतरायचं. आणि झाडं कुठे आहेत? मागे मैलोन् मैल शेतं. काठावर वाळूच्या उंचवट्यावर तेवढी एक अरुंद राई, तिच्या एका बाजूला पाणथळ, दुसऱ्या बाजूला सरोवर. घाटाच्या पायथ्याच्या एकुलत्या एक ढाब्यावर सगळ्या एसट्या थांबाव्यात, तसं. शिवाय मे महिन्यात सरोवरातून चिलटांचे ढग उठतात आणि झाडांवर काजळी धरल्यासारखे बसतात. चावत नाहीत, पण बोलायला तोंड उघडलं की आत. माणसांचा वैताग, पाखरांची पंगत.

पहिल्यांदा गेले ती पाच मे. कडाक्याचं गार, उत्तरेचा वारा. मी साडीवर लेकीचा जाड कोट चढवलेला आणि कानाला मफलर. एका मंडळाच्या मार्गदर्शित फेरीत नाव नोंदवलं होतं. राईतून सुमारे मैलभर लाकडी फळ्यांची वाट फिरते, दोन्ही बाजूंना कठडे. आम्ही वीसजण, पुढे एक तरुण मार्गदर्शक. तो चालता चालता नुसती नावं टाकत होता. “दोन वाजता, दुसऱ्या बेचक्याच्या मागे, नॅशव्हिल!” झाडाचं घड्याळ समजायचं, शेंडा म्हणजे बारा, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी दुर्बीण लावायची, फांदी शोधायची, तोवर सगळ्यांचं ‘वॉव’ म्हणून झालेलं आणि ओळ पुढे सरकलेली. मागच्याला पुढचं दिसत नव्हतं आणि पुढच्याला मागचा. शेवटी त्याने यादी वाचली, चोवीस जाती. त्यांतल्या मी चार पाहिल्या होत्या आणि त्यांतला एक रोज अंगणात येणारा रॉबिन. पैसे भरून मी पहिल्यांदाच पक्षी बघायला गेले होते. पुन्हा भरणार नाही.

परतताना काका फार बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र कुंपणापलीकडून हाक आली. त्यांनी आपल्या अंगणातल्या मेपलच्या झाडावर कपड्यांचे रंगीत चिमटे लावून ठेवले होते. काही खाली, काही पार वर, काही पानांमागे. म्हणाले, “आधी नुसत्या डोळ्यांनी चिमटा शोधा. सापडला की डोळा तिथून हलवायचा नाही. दुर्बीण डोळ्यांकडे आणायची, डोळे दुर्बिणीकडे न्यायचे नाहीत.”

मी अठरा वर्षं उलटंच करत होते. दुर्बीण आधी लावायची आणि तिच्यातून शोधत बसायचं. चक्रवाकासाठी ते चालतं, चक्रवाक काही पळून जात नाही. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मी त्या मेपलखाली उभी राहून चिमटे टिपले. हिरवा चिमटा सगळ्यात अवघड. चौथ्या दिवशी काकांनी चिमटे काढले आणि म्हणाले, आता चिमटेही उडणार. लेकीने हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं आणि व्हिडिओ करून नाशिकला माझ्या बहिणीला पाठवला. त्यावर बहिणीचं उत्तर आलं, “तिला परत पाठव.”

दुसरा धडा रडारचा. तिकडची हवामान खात्याची रडारं पावसासाठी लावलेली, पण रात्री उडणारे पक्षीही त्यांत दिसतात. सूर्य मावळल्यावर अर्ध्या-पाऊण तासात नकाशावर एकेका रडारभोवती निळी-हिरवी वर्तुळं उमटायला लागतात आणि पाण्यात खडा पडल्यासारखी पसरत जातात. ढग नाहीत, पाऊस नाही, तरी पडदा रंगतो. ती सगळी पाखरं. झाडांतून एकाच वेळी उठून वर चढत असतात. काका म्हणाले, वारा दक्षिणेचा असेल तर येणार, उत्तरेचा असेल तर आहेत तिथेच बसणार. आणि रात्री दक्षिणेचा वारा लागून पहाटे वाटेत पाऊस आडवा आला तर, एवढं म्हणून ते थांबले आणि हात वरून खाली आणला. पोतं सोडल्यासारखा.

तेरा तारखेच्या रात्री मी साडेअकरापर्यंत मोबाइलवर ती वर्तुळं बघत बसले. इंडियाना, केंटकी, सगळं भरून गेलं होतं. पहाटे चारला खिडकीवर पावसाची टपटप ऐकू आली. साडेपाचला काका गाडी सुरू करून फाटकाशी उभे. लेकही आली, “तुम्ही दोघं म्हातारे पावसात घसरून पडाल” असं म्हणत.

पाऊस थांबलेला, पण झाडं गळत होती. वाटेवर पाऊल टाकलं आणि मला पहिल्यांदा वाटलं की पानं पडताहेत. पानं नव्हती. खाली, कमरेच्या उंचीवर, कठड्यांवर, फळ्यांवर, पाण्यात पडलेल्या ओंडक्यांवर, जिथे बघावं तिथे काहीतरी टुणकन उडत होतं. शेंड्यावर बघायची गरजच नव्हती. माणसं खूप होती, पण कुणी बोलत नव्हतं. एखादा नुसता बोट दाखवायचा आणि बाजूला सरकून मागच्याला जागा द्यायचा. अशा सकाळीला तिकडे ‘फॉलआउट’ म्हणतात. तशा दोन-तीनच आयुष्यात पाहिल्या, असं काका नंतर म्हणाले.

कठड्याला टेकून मी उभी होते आणि माझ्या हातापासून फूटभरावर एक येऊन बसला. इतक्या जवळ दुर्बिणीचा काही उपयोगच नाही, तिला निदान दोन मीटर तरी लागतात. काळी-पांढरी पाठ पावसाने चिकटलेली, डोळ्याभोवती काळा तिकोनी मुखवटा, आणि गळा! नुकताच शेंदूर चढवलेल्या मारुतीसारखा ओला केशरी. कठड्याच्या लाकडावर चिलटं बसली होती. तो एकेक टिपत माझ्या बोटांकडे सरकत आला. पाय शेवयांसारखे बारीक, काळपट. एक चिलट माझ्या अंगठ्याच्या नखाजवळ होतं. त्याने मान तिरकी करून आधी ते पाहिलं, मग मला पाहिलं, मग ते उचललं. मी श्वास धरून. त्याचा श्वास मात्र दिसत होता, छातीची पिसं भराभर वरखाली होत होती.

ब्लॅकबर्नियन वॉर्बलर. वजन दहा ग्रॅमच्या आसपास. आपल्या सराफाच्या हिशेबात एक तोळा. हिवाळा अँडीज पर्वताच्या उतारावर काढून, वाटेतले डोंगर-समुद्र मागे टाकून तो इथे माझ्या नखाजवळ आला होता, आणि अजून सरोवर ओलांडायचं होतं. इंग्लंडमधल्या अठराव्या शतकातल्या ॲना ब्लॅकबर्न नावाच्या निसर्ग अभ्यासक बाईंच्या नावावरून त्याचं नाव पडलं. मला बरं वाटलं. पक्ष्यांच्या नावांत बहुतेक कर्नल आणि साहेबच भेटतात.

त्या दिवशी एकट्या वॉर्बलरच्याच एकोणीस जाती पाहिल्या. सगळ्यांचं वर्णन करत बसत नाही, वाचणाऱ्याला त्याचा कंटाळाच येतो. मॅग्नोलियाच्या पिवळ्या छातीवर काळ्या मण्यांची माळ, चेस्टनट-साइडेडच्या कुशीला काताचा ओघळ आणि डोक्यावर पिवळी टोपी. अमेरिकन रेडस्टार्ट काळा-केशरी, शेपटीचा पंखा उघडमीट करत नाचणारा. नाव रेडस्टार्ट, पण आपल्या थिरथिऱ्याशी नातं नाही, वागणं सगळं नाचण पक्ष्याचं. खरं तर या वॉर्बलरांचं आपल्या वटवट्यांशीही नातं नाही. कूळच वेगळं. तिकडे गेलेल्या इंग्रजांना घरचं नाव आठवलं आणि त्यांनी ते चिकटवून टाकलं, एवढंच.

नावांवरून आठवलं. मॅग्नोलिया वॉर्बलर मॅग्नोलियाच्या झाडावर राहत नाही, त्याचं घरटं उत्तरेच्या सूचिपर्णी झाडांत. टेनेसी वॉर्बलर टेनेसी राज्यात घरटं करत नाही. नॅशव्हिल आणि केप मे यांचीही तीच गत. अलेक्झांडर विल्सन नावाच्या माणसाने १९व्या शतकाच्या सुरुवातीला या पक्ष्यांची नोंद केली तेव्हा ते वाटेत सापडलेले होते, आणि जिथे सापडले त्याचंच नाव त्यांना जन्मभराचं लागलं. प्रवासात कुणी आपल्याला इगतपुरी स्टेशनवर चहा पिताना बघावं आणि तेव्हापासून आपण इगतपुरीकर.

दुपारी पाय बोलायला लागले म्हणून मी गाडीत येऊन बसले. दशम्या आणि लसणाची चटणी आणली होती. दुसरी दशमी अर्धी झाली असेल, तेवढ्यात माणसं पळताना दिसली. पक्षी बघणारी माणसं पळत नाहीत, त्यामुळे काहीतरी घडलं होतं हे नक्की. मी डबा मिटला, हात पुसले, कोट घातला. काठाशी पोहोचले तेव्हा साठ-सत्तर जण रिकाम्या झुडपाकडे बघत उभे. कर्टलंडचा वॉर्बलर आला होता, सहा-सात मिनिटं वाळूत उतरून खात होता आणि उडाला. या पक्ष्याला घरटं करायला कोवळ्या जॅक पाइनची रानं लागतात, तीही मुख्यतः मिशिगनमधली. १९८७ च्या मोजणीत गाणारे नर भरले होते अवघे १६७. मग रानं जाळून, नवी झाडं लावून, त्याच्या घरट्यात अंडी टाकणाऱ्या काऊबर्डना आवरून संख्या वाढवत नेली आणि २०१९ मध्ये त्याचं नाव संकटग्रस्तांच्या यादीतून निघालं. ते सगळं ठीक. मी दशमी खात होते. लेकीने पाहिला, स्वच्छ, आणि तिला त्याचं काही विशेषही वाटलं नाही. “राखाडी-पिवळा होता गं, शेपूट हलवत होता.” रात्रीपर्यंत मी तिच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलले.

आणि तरीही त्या महिनाभरात सगळ्यात जास्त उपयोग झाला तो या लेकीचाच. एका सकाळी काका आणि मी एका ओकखाली उभे होतो. तिने विचारलं, “हे काय वाजतंय? सुई घासल्यासारखं, वर वर चढत जातंय.” मी काकांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. दोघांनाही काही ऐकू येत नव्हतं. पक्ष्यांचे आवाज ओळखणाऱ्या मोबाइलवरच्या मर्लिन ॲपने ब्लॅकबर्नियन हे नाव पिवळं करून दाखवलं. त्याच्या गाण्याचं शेवटचं टोक इतकं बारीक असतं की वय झालं की कानातून तेच आधी जातं. काका म्हणाले, “दहा वर्षं झाली ऐकून. मला वाटलं होतं, यायचेच कमी झाले.” मला त्रेसष्टाव्या वर्षी सुरुवातीचे दोन-तीन सूर यायचे, पुढे शांतता. त्यानंतर लेकीला आम्ही मध्ये ठेवून चालायला लागलो. ती कंटाळून सांगायची, “डावीकडे सुई. वर काहीतरी करवतीसारखं. आई, मला दहाला मीटिंग आहे.”

वाहनतळाजवळ एक दिवस दोरी बांधून अर्धा गुंठा जागा वेगळी केलेली दिसली. आत सुकी पानं. दोरीशी आठ-दहा माणसं अगदी शांत. एक स्वयंसेवक बाई म्हणाल्या, वुडकॉक बसला आहे, तीन हातांवर. मी बघितलं. पानं. पुन्हा बघितलं, पानंच. दुर्बिणीने पानापानाच्या शिरा बघितल्या. लहान मुलं ‘मला दिसला’ म्हणून निघून गेली. दहा मिनिटांनी एका पानाने डोळा मिटला आणि उघडला. मग त्या डोळ्याभोवती डोकं तयार झालं, लांब चोच, सुक्या पानांच्याच रंगाची पाठ. डोळे इतके मागे आणि वर की चोच चिखलात खुपसलेली असतानाही पाठीमागचं दिसावं. मी थोडी बाजूला झाले, परत आले, आणि तो परत पानं झाला होता. पुन्हा पाच मिनिटं.

शेजारीच ओटावा नावाचं केंद्र सरकारचं राखीव पाणथळ आहे, १९६१ पासूनचं. तिथे गाडीतूनच बांधावरून फिरता येतं, मागे अणुवीज प्रकल्पाचा धुरांड्यासारखा अजस्र मनोरा. ही जागा माझ्या ओळखीची, म्हणजे नांदूरसारखी. उथळ पाणी, चिखल, उघडं. तिथे डनलिनचा मोठा थवा उतरला होता. तुतवार-टिलव्यांच्या जातकुळीतला पक्षी, चोच टोकाला किंचित वाकलेली. पाठ तांबूस, झळझळीत, आणि पोटावर शाई सांडल्यासारखा काळा डाग. काका म्हणाले, हिवाळ्यात याला तुम्ही ओळखणार नाही, नुसता राखाडी.

मी गप्प झाले. नांदूरला शेकड्याने येणारे टिलवे, ठिपकेवाले तुतवार, रफ, सगळे मी वर्षानुवर्षं राखाडी आणि मातकटच पाहिले आहेत. रफच्या नराला विणीच्या काळात गळ्याभोवती पिसांची मोठी झालर येते, हे मी शाळेत मुलांना चित्र दाखवून सांगितलेलं. पण चापडगावच्या चिखलात चोच खुपसणारा तो ओबडधोबड पक्षी आणि ते चित्र मी मनात कधी जोडलंच नव्हतं. आपल्याकडे ते येतात तेव्हा लग्नाचे कपडे ट्रंकेत असतात. गात नाहीत, भांडत नाहीत, नुसते जेवतात. आपण त्यांना सहा महिने बघतो आणि ओळखतो म्हणतो. सैबेरियात, रशियात त्यांच्या वाटेवर कुठेतरी असाच एखादा काठ असेल आणि तिथली एखादी मास्तरीण त्यांना शेंदूर लावलेलं बघत असेल. तिला त्यांचं नांदूरमधलं मातकट रूप माहीत असेल का?

काकांना हे इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. जमलं नाही. ते म्हणाले, “येस, येस, मोल्टिंग.” पिसं बदलणं, एवढंच.

पुढच्या दोन आठवड्यांत चार फेऱ्या झाल्या. एकूण सत्तावीस जातींचे वॉर्बलर बघितले. एकतीस-बत्तीस बघणारे तिकडे खूप असतात, त्यामुळे हा आकडा मिरवण्यासारखा नाही. २०१० पासून तिथे मे महिन्यात पक्ष्यांचा दहा दिवसांचा मोठा उत्सव भरतो. त्या दिवसांत वाहनतळावर निम्म्या अमेरिकेच्या नंबरप्लेट आणि वाटेवर कोपराला कोपर. मला गर्दीचा त्रास होईल असं वाटलं होतं. झाला नाही. आपल्याकडे कॅमेऱ्याची मोठी नळकांडी घेऊन पक्ष्यावर चालून जाणारे बघितले आहेत. तसेही तिथे होते, पण कठडा ओलांडून कुणी उतरलेलं दिसलं नाही. साडी-कोट-मफलर बघून लोक आपणहून जागा द्यायचे, हा फायदा वेगळाच.

मे संपता संपता राई रिकामी झाली. पानं मोठी झाली, माद्या आल्या आणि गेल्या. उरला एक प्रोथोनोटरी वॉर्बलर, गर्द हळदीच्या रंगाचा, तो तिथेच घरटं करतो. पाण्यात उभ्या असलेल्या वठलेल्या खोडाच्या ढोलीत तो शेवाळ नेऊन ठेवत होता. चोचीच्या दोन्ही बाजूंना हिरव्या मिशा. जून लागला तसे काका पेटुनियाची रोपं लावायला लागले, मी नातवाला पोहायच्या क्लासला नेऊ-आणू लागले.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकला परतले. घर महिनोन् महिने बंद, धूळ, नळाला गढूळ पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दारी भांडी घासत होते आणि अडुळशाच्या झुडपातून आवाज आला, ‘चक्’. थोड्या वेळाने पुन्हा, ‘चक्’. ही अडुळशाची झुडपं सासूबाईंनी लावलेली. त्यांतून हा आवाज दर थंडीत यायचा. मी कधी मान वर करून बघितलं नव्हतं.

हात धुतले, आतून दुर्बीण आणली. आधी नुसत्या डोळ्यांनी. पान हललं, दुसरं पान हललं. डोळा तिथेच ठेवून दुर्बीण वर. पाठ तेलकट तपकिरी, पोट मळकट पांढरं, डोळ्यावर अस्पष्ट फिकी भुवई, लांबट चोच. ब्लिथचा वेळू वटवट्या. तो नेमका असा दिसतो हे मला घरामागे कळायला ओहायोला जाऊन यावं लागलं. दाराशी दूधवाला येऊन उभा होता. “काय बघताय मॅडम, साप आहे का?”

तो हिवाळाभर तिथेच राहिला. मार्चअखेरीस, पाडव्याच्या आसपास, सकाळी सहाला त्या झुडपातून ‘चक्’ऐवजी भलतंच काही ऐकू यायला लागलं. हळू, तोंडातल्या तोंडात, तुकड्यातुकड्यांनी. गाणं म्हणावं तर पूर्ण नाही, मधूनच दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज. हा पक्षी नकला करतो हे वाचलं होतं. मी मोबाइल काढून झुडपाशी धरला. ॲपने आधी शिंजीर दाखवला, मग तो गेला आणि बुलबुल आला, मग काहीच नाही, मग पुन्हा शिंजीर. झुडपात शिंजीर नव्हता. बुलबुलही नव्हता.

लेकीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे साडेआठ. म्हटलं, “काही बोलू नकोस, नुसतं ऐक आणि मला सांग, शेवटी काही बारीक वाजतंय का.”